घर ओढत नेताना

कॅरॅव्हॅन म्हटलं की आपल्याकडे आशा पारेखचा पिक्चर आठवतो. मी सांगतोय ती कॅरॅव्हॅन म्हणजे गाडीमागे जोडलेलं चाकांवरचं घर. जुलैच्या सुट्टीत ॲडलेडच्या मामा-मामीबरोबर मी ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्याने सेडुना ते नॉर्समन गेलो. अंतर सुमारे १,२०० किमी, दिवस चार.

वाटेत नलारबॉर हे पठार लागतं. लॅटिनमध्ये 'नलस' म्हणजे एकही नाही आणि 'आर्बर' म्हणजे झाड. (कॉन्व्हेंटमध्ये 'आर्बर डे'ला रोपं लावली होती, त्यामुळे ट्यूब लगेच पेटली!) सगळं पठार चुनखडीचं. आधीच पाऊस कमी, पडतो तोही भेगांतून खाली मुरतो. त्यामुळे इथे नदी नाही आणि जमिनीखालचं पाणी बहुतेक खारट. पठार संपतं तिथे बुंडा क्लिफ्सचे सरळसोट कडे, खाली थेट समुद्र.

म्हणून पहिलं गणित पाण्याचं. आमच्या टाक्या १६० लिटरच्या. माणसं तीन, दिवस चार. म्हणजे माणशी रोज साधारण १३ लिटर, त्यात आंघोळ आणि भांडीसुद्धा. हॉस्टेलमध्ये आपण एकेक बादली नुसती पाणी गरम येईपर्यंत सोडून देतो!

दुसरं गणित वजनाचं. १६० लिटर पाणी म्हणजे १६० किलो. जड सामान चाकांच्या ॲक्सलजवळ ठेवायचं आणि कॅरॅव्हॅनच्या एकूण वजनाच्या साधारण १० टक्के भार गाडीच्या हुकावर येऊ द्यायचा. वजन मागे गेलं की हुकावरचा भार घटतो आणि कॅरॅव्हॅन शेपटीसारखी डोलायला लागते. एका ठरावीक वेगापुढे हे डोलणं आपोआप थांबत नाही, उलट वाढत जातं. (व्हायब्रेशन्सच्या पेपरातलं निगेटिव्ह डॅम्पिंग ते हेच.) अशा वेळी गाडीचा ब्रेक जोरात दाबायचा नाही. ॲक्सिलरेटर सोडायचा आणि फक्त कॅरॅव्हॅनचे ब्रेक हाताने लावायचे.

तिसरं गणित वेगाचं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ११० ऐवजी ९० ने गेलं तर तो जवळजवळ एक तृतीयांशाने कमी होतो. पण समोरून २० चा वारा असेल तर ९० ला सुद्धा ११० इतकाच विरोध! इथे दोन पेट्रोल पंपांमध्ये १९० किमीपर्यंत अंतर असतं, त्यामुळे मामा वाऱ्याचा अंदाज बघूनच निघायचा.

बॅलडोनिया आणि कायगुना यांच्या दरम्यान रस्ता १४६.६ किमी एकही वळण न घेता जातो. रस्त्यावर काही ठिकाणी विमानाच्या धावपट्टीच्या खुणा रंगवल्या आहेत. कुणी गंभीर आजारी पडलं तर फ्लाइंग डॉक्टरचं विमान रस्त्यावरच उतरतं. दवाखाना किती लांब असेल ते यावरूनच समजा. संध्याकाळी कांगारू रस्त्यावर येतात, म्हणून मामाचा नियम एकच: दिवसाला ३०० किमी आणि चारच्या आत मुक्काम.

या नियमाचा फायदा असा की वेळच वेळ. हेड ऑफ बाइटला अंटार्क्टिकाकडून बाळंतपणाला आलेले देवमासे लाकडी पुलावरून दोन तास बघितले. राज्याच्या सीमेवर फळं आणि मध पुढे नेता येत नाही, म्हणून मामीने आदल्या रात्रीच फ्रूट सॅलड केलं. युक्ला भागात घड्याळ ४५ मिनिटं मागे, पुढे पुन्हा ४५ मिनिटं!

आपण सिंहगडला जायचं तरी 'प्लॅनिंग केलं की मजा जाते' म्हणतो. पण तिथे पाणी, वजन आणि डिझेल यांचा हिशेब सकाळीच संपलेला असायचा, म्हणून उरलेला दिवस आम्ही निवांत समुद्र बघत बसू शकलो.