संत्र्याला थोडी तहान लागू द्या

गच्चीवर किंवा अंगणात कुंडीत संत्रा लावणाऱ्यांची तक्रार बहुधा एकच असते. झाड छान हिरवेगार आहे, चार-पाच वर्षे झाली, पण फळ म्हणून धरत नाही. खरे तर उत्तर त्या तक्रारीतच दडलेले आहे. रोज सकाळी झारीभर पाणी, आठवड्याला मूठभर खत, असे लाड झाले की संत्रा पानांतच रमतो. फुलायचे त्याच्या मनातच येत नाही.

वरूड-मोर्शीकडचा किंवा काटोलचा बागाईतदार हे पिढ्यान्‌पिढ्या जाणून आहे. तो ठरावीक वेळी बागेचे पाणी तोडतो. याला ‘ताण देणे’ म्हणतात. शब्द किती नेमका आहे पाहा! सतारीची तार सैल असेल तर सूर कुठून निघणार? डिसेंबरात ताण दिला की जानेवारी-फेब्रुवारीत फुले येतात, तो आंबिया बहार. त्याची फळे दिवाळीपासून पुढे हाती लागतात. मे महिन्यात ताण आणि पहिल्या पावसावर फूल, तो मृग बहार. त्याची फळे फेब्रुवारी-मार्चात. एकाच झाडाकडून दोन्ही मागू नयेत. कुंडीसाठी मी आंबियाच सुचवीन, कारण डिसेंबरची थंडी ताणाला हातभार लावते. मे महिन्यात तापलेल्या गच्चीवर पाणी तोडणे म्हणजे झाडाच्या जिवाशी खेळ.

शेतातला हिशेब मात्र कुंडीला लावू नका. बागेत भारी जमिनीला महिनाभराचाही ताण सोसतो, कारण मुळांना खोलवर कुठेतरी ओल सापडते. कुंडीत ओल संपली की संपली. म्हणून पाणी एकदम न तोडता हळूहळू कमी करा. पाने दुपारी मलूल होऊन संध्याकाळी सावरत असतील तर ताण नीट चालला आहे. थोडी पाने गळाली तरी घाबरू नका. सकाळीही पाने कोमेजलेलीच दिसली, तर त्याच क्षणी पाणी द्या. ताण तोडतानाही पहिले पाणी बेताचे, दुसरे थोडे जास्त, तिसरे भरपूर, आणि सोबत कुजलेले शेणखत. पुढे फळे बोराएवढी झाली की पाण्यात खंड नको. आठ दिवस कोरडे आणि नवव्या दिवशी पूर, असे केले तर फळे गळून पडतात.

पाणी कोणते? तांदूळ-डाळ धुतलेले चालते, वजूचे चालते. साबणाचे नको.

आता थोडे मागे जाऊ. हे सगळे करायचे ते झाड मुळात संत्र्याचे आहे ना? विनोद करीत नाही. संत्र्याची बी पेरली तर रोप येते, पण ते काटेरी होते आणि फळाला सात-आठ वर्षे सहज लावते. म्हणून रोपवाटिकेत जंबेरी नावाच्या खरबरीत लिंबाच्या रोपावर संत्र्याचा डोळा बांधतात. खाली मुळे जंबेरीची, वर फांद्या संत्र्याच्या. घेताना तो जोड वाकून पाहा. तो जमिनीपासून वीतभर तरी वर हवा आणि लावतानाही मातीबाहेरच राहिला पाहिजे. जोडाच्या खालून जे फुटते ते जंबेरीचे असते. ते वेळीच मोडले नाही तर वरच्या संत्र्याचे अन्न पळवते आणि त्याला उपाशी मारते.

आमच्या शेजारी एक काकाजी राहतात. त्यांची बाग आधी विहीर आटल्यावर आणि मग बोअरही आटल्यावर उभी वाळली. झाडांवर कुऱ्हाड पडण्यापूर्वी त्यांनी अजून जीव धरून असलेल्या एका जुन्या झाडाच्या डोळकाड्या ओल्या फडक्यात गुंडाळून आणल्या आणि माळ्याकडून कुंडीतल्या जंबेरीवर डोळा बांधून घेतला. पुढे ते चार महिने मुलाकडे पुण्याला राहून आले. परतले तेव्हा झाड दुप्पट झालेले. आम्ही सगळे कौतुक करीत होतो. काकाजी खाली वाकले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. सगळी वाढ जंबेरीची होती. संत्र्याची फांदी म्हणाल तर वीतभर, तिच्यावर तीन पाने. ‘‘हे सारं जंबेरीचं हाय भाई, माहा संत्रा तेवढाच,’’ एवढे बोलून त्यांनी धारदार चाकूने ती हिरवी गर्दी उतरवली. कुंडीत काय उरले म्हणता? एक खुंट आणि ती तीन पाने. आज ती फांदी माझ्या छातीला लागते. गेल्या वर्षी पहिली फुले आली, ती काकाजींनी स्वतःच खुडून टाकली. लहान झाडाला फळांचा भार नको, हेही खरेच. यंदाचा आंबिया ते ठेवणार आहेत.

कुंडीची सुरुवात बारा इंचांपासून करा आणि दोन-तीन वर्षांनी पावसाळ्याच्या तोंडाशी मोठ्या भांड्यात न्या. शेवटी दोनशे लिटरचे पिंप अर्धे कापून घेतलेले उत्तम. ओल्या मातीसकट ते दीडशे किलोच्या पुढे जाते, तेव्हा गच्चीच्या मधोमध न ठेवता भिंतीच्या किंवा तुळईच्या वर, विटांवर ठेवा. तळाला भोके हवीतच. आपली काळी माती एकटी वापरू नका. ती पाणी धरून ठेवते, मुळे कुजतात, खोडातून डिंक गळू लागतो. पोयटा, जाडी रेती आणि शेणखत सारखे घ्या, वर दोन मुठी निंबोळी पेंड. सहा तास ऊन पाहिजे. पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या, तर ती भूक जस्ताची किंवा लोहाची असते. चुनखडीच्या बोअरच्या पाण्याने हे फार होते. जस्तासाठी लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम झिंक सल्फेट आणि अडीच ग्रॅम चुना घालून फवारावे.

कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या शिटेसारखे काही दिसले तर ती फुलपाखराची अळी. मोठी झाली की हिरवी होते आणि डिवचल्यावर डोक्यातून नारिंगी शिंगे काढते. हाताने वेचा. दोन-चार मी तशाच राहू देतो, फुलपाखरू देखणे असते. पाने काजळी धरल्यासारखी दिसली तर मात्र कोळशी समजा आणि निंबोळी तेल फवारा.

बाबराने आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानच्या फळांमध्ये ‘संगतरा’ नोंदवला आहे आणि त्याच्या सरबताची तारीफ केली आहे. इतका जुना पाहुणचार असलेले हे झाड मुंबई-कोकणच्या दमट हवेत मात्र रुसते. रात्रीची थंडी नसेल तर पिकलेल्या फळाची सालही हिरवटच राहते. तिकडच्यांनी रोपवाटिकेत मिळणारे चिमुकले चायना ऑरेंज लावावे. चवीला आंबट, पण लोणच्याला आणि सरबताला झकास, आणि लागते शेकड्याने. नागपुरी संत्र्याची कुंडीतली वीस-पंचवीस फळे मी भरघोस पीक मानतो.

फळ तोडताना ओढू नका, सालीला भोक पडते. देठाचा बारीक तुकडा ठेवून कात्रीने कापा. संत्रे आंब्यासारखे आढीत पिकत नाही. झाडावर जेवढे गोड झाले तेवढेच, म्हणून आधी एक तोडून चाखा. आंबट लागले तर बाकीच्यांना आठवडाभर थांबू द्या. फार थांबलात तर साल सुटून फळ पोकळ होते. सगळी फळे उतरली की वाळक्या काड्या छाटा आणि पाणी कमी करायला घ्या, डिसेंबर आलेलाच असतो.