तालुका आधी की गाव?

महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उतारा संकेतस्थळावरून मिळू लागला आणि जुन्नर-आंबेगावच्या खातेदारांना जिल्हा, तालुका, गाव व गट क्रमांक भरून तो घरबसल्या घेणे शक्य झाले. अशा सेवांमध्ये पडद्यावर भरलेली माहिती डेटाबेसपर्यंत नेण्याचे काम सर्व्हरवर चालणारा प्रोग्राम, म्हणजेच स्क्रिप्ट, करते आणि त्यासाठी ती फंक्शनांचा वापर करते. फंक्शन म्हणजे ठरावीक काम करणारा, नाव दिलेला सूचनासंच होय. त्याला कामासाठी पुरवलेल्या माहितीला आर्ग्युमेंट म्हणतात.

आर्ग्युमेंटांची संख्या आणि प्रकार जुळले, तरी त्यांचा क्रम चुकला तर फंक्शन भलतेच काम करते. पीएचपी या भाषेतील जुन्या मायएसक्यूएल फंक्शनांत क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, आधी आणि डेटाबेसशी झालेली जोडणी नंतर देत असत. मायएसक्यूएलआय या नव्या संचात जोडणी आधी द्यावी लागते. २०१५ मध्ये आलेल्या पीएचपी ७ मधून जुना संच काढून टाकण्यात आला, तेव्हा केवळ नावे बदललेल्या स्क्रिप्ट चालेनाशा झाल्या. मात्र जोडणी आणि मजकूर हे भिन्न प्रकार असल्याने ही चूक लगेच उघडकीस येते.

दोन्ही आर्ग्युमेंट मजकूरच असतील, तर संगणकाला वावगे काहीच दिसत नाही. समजा, एखाद्या फंक्शनला तालुका आधी व गाव नंतर हवे आहे आणि स्क्रिप्टने ते उलटे दिले. जुन्नर हे तालुक्याचे तसेच त्याच्या मुख्य ठिकाणाचेही नाव असल्याने ‘जुन्नर, जुन्नर’ अशी चाचणी निर्वेध पार पडते. आंबेगाव तालुक्याचा कारभार मात्र घोडेगावहून चालतो, कारण मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या जलाशयाखाली गेले आहे. त्यामुळे ‘घोडेगाव, आंबेगाव’ असे गेले की घोडेगाव नावाचा तालुकाच नसल्याने उत्तर रिकामे येते. म्हणून चाचणीसाठी एकमेकांपासून वेगळी ओळखू येणारी नावे निवडावीत. पीएचपी ८ पासून आर्ग्युमेंट नावानिशी देण्याचीही सोय असून तिने क्रमाचा घोळ टळतो.

वापरकर्त्याने भरलेला मजकूर थेट क्वेरीत जोडणेही धोक्याचे असते, कारण त्यातून कोणी स्वतःची आज्ञा घुसवू शकतो. त्याऐवजी क्वेरीत जागा राखून मूल्य स्वतंत्रपणे पाठवावे, आणि तेथेही मूल्यांचा क्रम राखीव जागांशी जुळवावा.

अखेरीस फंक्शनने परत केलेले उत्तर तपासणे आवश्यक ठरते. नोंद नसणे आणि जोडणी तुटल्याने नोंद न मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. स्क्रिप्टने दोन्ही वेळी ‘नोंद सापडली नाही’ असेच दाखवले, तर सर्व्हरमधील बिघाडापायी खातेदाराला तलाठी कार्यालयात विनाकारण हेलपाटा पडतो.