परीक्षा अर्जापासूनच सुरू होते

चौविहार पाळणाऱ्या घरांत दिवस मावळण्यापूर्वीच जेवणे उरकलेली असतात. वडील पेढीचा रोजमेळ जुळवायला बसतात. अशा एखाद्या संध्याकाळी मुलगा संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवतो आणि म्हणतो, "बाबा, पेढीच्या लेटरहेडवर एक पत्र हवं आहे. गेली तीन वर्षं मी इथे प्रकल्पांचं नेतृत्व केलं, एवढंच लिहायचं." वडिलांना ही मागणी किरकोळ वाटते. लेटरहेड आपले, शिक्का आपला आणि मुलगाही आपलाच. तो तीन वर्षे पेढीवर राबला, हेही खोटे नाही. तरीही सही करण्यापूर्वी एक प्रश्न विचारणे त्यांचे कर्तव्य ठरते : राबला म्हणजे नेमके काय केले?

व्यापारी घराण्यांतील तरुण पिढी आज पेढीबरोबरच माहिती तंत्रज्ञान, बांधकाम, औषधनिर्मिती अशा क्षेत्रांत पाऊल टाकत आहे. या क्षेत्रांत प्रकल्प व्यवस्थापनाचे 'पीएमपी' हे प्रमाणपत्र मानाचे समजले जाते. १९६९ साली अमेरिकेत स्थापन झालेली 'प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट' ही संस्था १९८४ पासून ते देत आली आहे. पुणे आणि मुंबई येथेही या संस्थेच्या शाखा कार्यरत आहेत. परीक्षा अधिकृत केंद्रावर देता येते, तशीच देखरेखीखाली घरून संगणकावरही देता येते. मुले, मुली आणि लग्नानंतर शिक्षणाचा धागा पुन्हा हाती घेणाऱ्या सुना या परीक्षेकडे वळत आहेत. घरातल्या वडीलधाऱ्यांना मात्र तिचे स्वरूप फारसे परिचयाचे नसते.

नित्यव्यवहार आणि प्रकल्प

या परीक्षेची पहिली पायरी म्हणजे अर्ज, आणि कित्येकांचा पाय तिथेच घसरतो. जानेवारी २०२१ पासून अमलात आलेल्या आराखड्याच्या काळातील नियमांनुसार, चार वर्षांची किंवा तिच्या तोडीची पदवी असणाऱ्या उमेदवाराला मागील आठ वर्षांतील ३६ महिन्यांचा अनुभव दाखवावा लागतो. पदवी नसल्यास ही मर्यादा ६० महिन्यांची आहे. त्याशिवाय प्रकल्प व्यवस्थापनाचे ३५ तासांचे प्रशिक्षण आवश्यक असते. हा अनुभव केवळ नोकरीचा वा दुकानात बसण्याचा चालत नाही. प्रकल्पाला दिशा देण्याचा, त्याचे नेतृत्व करण्याचा लागतो.

प्रकल्प म्हणजे ठरावीक मुदतीत सुरू होऊन संपणारे आणि पूर्वी नसलेले काही निर्माण करणारे काम. रोज सकाळी भाव काढणे, माल उतरवून घेणे, उधारी वसूल करणे हा पेढीचा नित्यव्यवहार आहे. त्यात कितीही कौशल्य असले तरी तो प्रकल्प ठरत नाही. नवे गोदाम बांधणे, दुसऱ्या गावात शाखा उघडणे, हाताने लिहिल्या जाणाऱ्या वह्यांचे हिशेब संगणकावर आणणे हे मात्र प्रकल्प आहेत. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा हिशेबाची पद्धत बदलण्याचे जे काम घरोघरच्या पेढ्यांनी केले, तोही प्रकल्पच होता; मात्र अर्जाच्या तारखेपासून मागील आठ वर्षांत तो बसतो का, हे तपासावे लागते.

महिने मोजण्याचीही एक शिस्त आहे. समजा, मुलाने गोदामाच्या बांधकामाची जबाबदारी नऊ महिने सांभाळली आणि नव्या शाखेची सात महिने. यांपैकी दोन महिने दोन्ही कामे एकाच वेळी चालू होती. व्यापारी मन चटकन बेरीज करते : सोळा. परंतु एकाच वेळी चाललेल्या कामांचे महिने एकदाच धरले जातात. म्हणून खरा आकडा चौदा. तीन वर्षे पेढीवर असलेल्या मुलाचा प्रकल्पांचा अनुभव अशा रीतीने चौदा महिन्यांवर येतो. उरलेल्या बावीस महिन्यांचे काय, हा प्रश्न तेव्हा घरासमोर उभा राहतो.

कूटलेखाचा मोह

संस्था काही अर्ज यदृच्छेने निवडून त्यांची पडताळणी करते. अशा वेळी पदवी आणि प्रशिक्षण यांचे पुरावे द्यावे लागतात आणि प्रकल्पाची माहिती असणाऱ्या व्यक्तीकडून अनुभवाला स्वाक्षरीसह दुजोरा मिळवावा लागतो. प्रत्येक अर्जाची अशी पडताळणी होत नाही. "सगळ्यांचे कुठे तपासतात?" हे वाक्य त्यामुळेच शिकवणी वर्गांच्या जिन्यांवर आणि मित्रांच्या गप्पांत ऐकू येते. पेढीचे लेटरहेड हाताशी असणाऱ्या घरांत हा मोह अधिक जवळचा असतो, कारण खोटे पत्र मिळवायला बाहेर कुणापुढे हात पसरावा लागत नाही.

येथे श्रावकाच्या आचाराची आठवण होणे स्वाभाविक आहे. तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताच्या पाच अतिचारांमध्ये 'कूटलेखक्रिया' सांगितली आहे. कूटलेख म्हणजे खोटा दस्तऐवज. शेकडो वर्षांपूर्वी हुंड्या, खाती आणि ठेवी यांच्या जगासाठी दिलेला हा इशारा आजच्या अनुभवपत्राला जसाच्या तसा लागू पडतो. पकडले गेल्यास उमेदवार अपात्र ठरू शकतो, ही व्यवहारातील हानी झाली. त्याहून मोठी हानी घरात होते. ज्या शिक्क्यावर विश्वास ठेवून बाजारपेठ उधारीवर माल देते, तोच शिक्का खोट्यावर उमटू शकतो, हे मुलाला प्रथमच आणि तेही वडिलांच्या हातून शिकायला मिळते.

दुसरा मोह अभ्यासाच्या वेळी भेटतो. परीक्षेतून चोरून आणलेले म्हणून काही प्रश्नसंच विकले जातात. प्रश्न उघड न करण्याचा करार प्रत्येक परीक्षार्थीने मान्य केलेला असतो. तेव्हा हे संच म्हणजे उघडउघड चोरीचा माल होय. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत 'तदाहृतादान', म्हणजे चोराने आणलेली वस्तू घेणे, याचा स्पष्ट उल्लेख आहे. स्वतः चोरी केली नाही, ही सबब तिथे चालत नाही. या संस्थेची आचारसंहिताही जबाबदारी, आदर, न्याय्यता आणि प्रामाणिकपणा या चार मूल्यांवर उभी आहे. व्रतांच्या संस्कारात वाढलेल्या मुलाला ती परकी वाटण्याचे कारण नाही.

रोजमेळ न सांगणारी गोष्ट

पेढीवर जे अनुभवाने कळते तेच येथे नव्याने का शिकायचे, अशी शंका अनेक वडील बोलून दाखवतात. एका उदाहरणाने तिचे उत्तर देता येईल. समजा, वीस लाखांचे गोदाम बांधायचे आहे. ठरल्याप्रमाणे आजपर्यंत दहा लाखांचे काम व्हायला हवे होते. वही उघडली तर खर्चही बरोबर दहा लाख झालेला दिसतो. वडील निश्चिंत होतात. परंतु जागेवर जाऊन झालेल्या कामाचे मोल ठरवले, तर ते आठ लाखांचेच भरते.

प्रकल्प व्यवस्थापनात या आठ लाखांना 'अर्जित मूल्य' म्हणतात. आठाला दहाने भागले की ०.८ हा निर्देशांक मिळतो. खर्च केलेल्या प्रत्येक रुपयामागे ऐंशी पैशांचेच काम झाले, असा त्याचा अर्थ. हीच गती राहिली तर वीस लाख भागिले ०.८, म्हणजे पंचवीस लाखांत गोदाम पूर्ण होईल. वेळेचा निर्देशांकही ०.८ च येतो. म्हणजे काम मागे पडले आहे. ज्या दिवशी रोजमेळ सर्व आलबेल सांगत होता, त्याच दिवशी पाच लाखांची तूट दृष्टीस पडते आणि ती भरून काढायला निम्म्याहून अधिक काम अजून हाती असते. हे गणित पेढीच्या शहाणपणाला खोटे ठरवत नाही. त्याला पुढचे पाहण्याची दृष्टी देते.

सामायिकाच्या मापाने अभ्यास

या आराखड्यानुसार परीक्षेत १८० प्रश्न आणि २३० मिनिटे असतात. एका प्रश्नाला साधारण सव्वा मिनिट मिळते. सुमारे ४२ टक्के प्रश्न माणसांशी, ५० टक्के कार्यपद्धतींशी आणि ८ टक्के व्यवसायाच्या व्यापक परिस्थितीशी निगडित असतात. साठ-साठ प्रश्नांनंतर दहा मिनिटांची विश्रांती मिळते. ती घेतल्यावर मागील प्रश्नांकडे परतता येत नाही. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. आराखडा वेळोवेळी बदलतो. अभ्यासाला बसण्यापूर्वी संस्थेने प्रसिद्ध केलेला चालू आराखडा वाचणे हे पहिले काम समजावे.

बहुतेक प्रश्न प्रसंगांवर आधारलेले असतात. सहकाऱ्यांत वाद झाला, ग्राहकाने ऐनवेळी मागणी बदलली, पुरवठादाराने मुदत चुकवली. आता व्यवस्थापकाने प्रथम काय करावे? पाठांतराने ही उत्तरे येत नाहीत. घाईने हुकूम सोडणारा किंवा लगेच वरिष्ठांकडे धाव घेणारा पर्याय बहुधा चुकीचा ठरतो. आधी परिस्थिती समजून घ्यावी, संबंधितांचे म्हणणे ऐकावे आणि मग पाऊल उचलावे, अशी या परीक्षेची अपेक्षा असते. प्रत्येकाच्या म्हणण्यात सत्याचा काही अंश असू शकतो, हे अनेकांताचे बाळकडू मिळालेल्यांना हा विचार लवकर उमगेल. अवघड जाते ते गादीवरून हुकूम देण्याची सवय असलेल्यांना.

अभ्यासासाठी वेगळे वेळापत्रक शोधण्याचीही गरज नाही. सामायिकाचा काळ ४८ मिनिटांचा. तेवढा वेळ एका आसनावर स्थिर बसण्याचा सराव ज्यांना आहे, त्यांच्यासाठी संपूर्ण परीक्षा म्हणजे पाच सामायिकांपेक्षा दहा मिनिटे कमी. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या घरात संध्याकाळचे दोन-अडीच तास मोकळे मिळतात. त्यांत ४८ मिनिटांच्या दोन बैठका सहज बसतात. बारा आठवड्यांचा संकल्प केला तर पहिले पाच आठवडे वाचनाला, पुढचे चार प्रकरणवार सरावाला आणि शेवटचे तीन पूर्ण लांबीच्या सराव परीक्षांना द्यावेत.

सराव परीक्षेनंतर केवळ गुण पाहून वही मिटू नये. चुकलेला प्रत्येक प्रश्न, चुकण्याचे कारण आणि योग्य विचार अशा तीन रकान्यांची नोंद ठेवावी. दिवसभरातील दोषांची आलोचना करणाऱ्या प्रतिक्रमणाचा हेतूही हाच असतो : दोष ओळखणे आणि त्याची पुनरावृत्ती टाळणे. एकच कारण तिसऱ्यांदा लिहावे लागले, की अभ्यास कुठे थांबला आहे ते आपोआप कळते.

परीक्षेची तारीख ठरवताना घरचे पंचांग पाहावे. पर्युषण किंवा दशलक्षण पर्व, दिवाळीची वहीपूजा, लग्नसराईतील बाजाराची गर्दी हे दिवस टाळावेत. अष्टमी-चतुर्दशीला उपवास करणाऱ्यांनी ती तिथीही लक्षात घ्यावी. सुनेची परीक्षा असेल तर शेवटच्या तीन आठवड्यांत स्वयंपाकघर कोण सांभाळणार, हे आधीच बोलून ठरवावे. मुलाच्या परीक्षेसाठी गल्ला दुसऱ्याने सांभाळायचा आणि सुनेने मात्र सगळे करून रात्री अकराला पुस्तक उघडायचे, हा न्याय नव्हे.

बावीस महिन्यांचे उत्तर

आता त्या अपुऱ्या बावीस महिन्यांकडे वळू. त्यावर प्रामाणिक वाट उपलब्ध आहे. हीच संस्था 'सीएपीएम' नावाची आरंभीची परीक्षा घेते. तिला अनुभवाची अट नाही. माध्यमिक शिक्षण आणि २३ तासांचे प्रशिक्षण पुरते. तीन तासांत १५० प्रश्न सोडवायचे असतात. हे प्रमाणपत्र मिळवलेल्याला पुढे पीएमपीसाठी ३५ तासांच्या प्रशिक्षणाची अट वेगळी पूर्ण करावी लागत नाही. दरम्यान पेढीचा पुढचा प्रकल्प खरोखरच मुलाच्या हाती सोपवता येतो. ज्या वडिलांनी आजवर प्रत्येक धनादेशावर स्वतःच सही केली, त्यांची परीक्षा येथे सुरू होते. अनुभव कागदावर लिहून देणे सोपे. अधिकार सोडून तो प्रत्यक्ष मिळू देणे कठीण.

पीएमपी मिळाल्यावरही काम संपत नाही. दर तीन वर्षांनी ६० घटकांचे पुढील शिक्षण पूर्ण केल्याचे दाखवून प्रमाणपत्र चालू ठेवावे लागते. पेढीचे नाव तरी आणखी कसे टिकते? तेही दरवर्षी नव्या वहीबरोबर नव्याने कमवावे लागते.

त्या संध्याकाळचे पत्र अखेरीस लिहिले जावे, पण वेगळ्या मजकुराचे. गोदामाचे बांधकाम, नऊ महिने. नवी शाखा, सात महिने. दोन महिने सामाईक. एकूण चौदा. आकडा लहान असेल. पण उद्या कुणी दूरध्वनी करून विचारले, तर वडिलांना वही उघडून आठवावे लागणार नाही आणि मुलाला मान खाली घालावी लागणार नाही. अशा पत्रावर शिक्का उमटवताना पेढीचा हात थरथरत नाही.