चिंचेखालची हजेरी

गेल्या उरुसात मिरजेला मीरासाहेबांच्या दर्ग्यात फातिहा पढून मी बाहेर येत होते. आठवीतली माझी एक विद्यार्थिनी अम्मीसोबत भेटली. आवारातल्या एका मजारीकडे बोट करून तिनं विचारलं, “टीचर, ही कुणाची?” मुलगी सतारमेकर गल्लीतली. अब्बा तंबोरे बनवतात. तरी उस्ताद अब्दुल करीम खाँ कोण, हे तिला ठाऊक नव्हतं. दोष तिचा नाही. इतकी वर्षं शिकवते आहे, मीच कधी वर्गात सांगितलं नाही.

खाँसाहेबांचा जन्म 1872 चा, उत्तर प्रदेशातल्या कैराना गावचा. किराणा घराणं हे नाव त्याच गावावरून पडलं. मिरजेत ते आजारी पडले, मीरासाहेबांच्या दरबारात दुआ मागितली आणि बरे झाले, असं इथली जुनी माणसं सांगतात. तेव्हापासून त्यांनी मिरज आपली मानली. पुढे 1913 मध्ये पुण्यात त्यांनी आर्य संगीत विद्यालय काढलं. देशभर गायले. पण उरुसाला दर्ग्यात येऊन गाण्याचा नेम त्यांनी जपला. मैफल नव्हे, हजेरी. आजही मिरजेत हाच शब्द वापरतात.

ऑक्टोबर 1937 मध्ये मद्रासहून पाँडिचेरीला जाताना त्यांना गाडीत अस्वस्थ वाटू लागलं. सिंगपेरुमल कोइल नावाच्या लहानशा स्टेशनावर ते उतरले. तिथे फलाटावरच त्यांनी नमाज अदा केली, तंबोरा जुळवायला सांगितला आणि दरबारीच्या सुरांत अल्लाहचं नाव घेत प्राण सोडला, असं त्यांच्या शिष्यपरिवारात सांगितलं जातं. दफन मात्र मिरजेतच झालं, मीरासाहेबांच्या सावलीत.

त्यांच्या आठवणीत दरवर्षी उरुसाच्या दिवसांत दर्ग्याच्या आवारात चिंचेखाली संगीत सभा भरते. भीमसेन जोशी इथे गायले, गंगूबाई हनगल गायल्या. दोघेही सवाई गंधर्वांचे शिष्य आणि सवाई गंधर्व खाँसाहेबांचे. म्हणजे नात्यानं नातवंडंच. तिकीट नसतं. हमाल, भाजीवाले, डॉक्टर, बुरख्यातल्या बायका, मांडीवर झोपलेली पोरं, सगळे एकाच सतरंजीवर. उरुसाचा पहिला मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो, हेही बाहेरगावच्या वाचकांना सांगायला हवं. मिरजकरांना त्यात नवल वाटत नाही.

हे सगळं मी त्या मुलीला उत्साहानं सांगत होते, तेव्हा तिची अम्मी गप्प होती. मग हळूच म्हणाली, “टीचर, तुम्ही शिकलेल्या आहात. पण दर्ग्यात गाणंबजावणं... आमच्या मोहल्ल्यात आता काही लोक बोलतात. मुलीला रात्री इथं बसवू की नको?”

हा सवाल मी टाळणार नाही. गाण्याबद्दल आपल्या उलमांमध्ये फार पूर्वीपासून मतभेद आहेत आणि त्यांचा निवाडा करणारी मी कोण? ज्याचं मन मानत नाही त्यानं फातिहा पढून घरी जावं, त्याच्यावरही कुणी बोट दाखवू नये. मी फक्त एवढंच म्हटलं, “भाभी, तुमच्या घरची चूल कशावर पेटते?”

मिरजेचे सतारमेकर मुळात शिकलगार, हत्यारं घडवणारे आणि त्यांना धार लावणारे. तलवारींचा जमाना संपला तेव्हा, एकोणिसाव्या शतकात, फरीदसाहेबांनी वाद्यांचं काम हाती घेतलं. पंढरपूर, मंगळवेढ्याकडचे कडू भोपळे, तुणीचं लाकूड आणि घराघरांतून चालत आलेला कान, यांवर हा धंदा उभा राहिला. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पेपरात फोटो आले, पेढे वाटले. पण जवारी लावायला बसणारी तरुण पोरं किती, हे गल्लीत फिरून पाहावं. एका तंबोऱ्यामागे किती दिवस जातात आणि हाती काय उरतं, याचा हिशेब पोरांना बरोबर कळतो. कुणी गाडी चालवतो, कुणी मोबाइलच्या दुकानात बसतो. त्यांना नावं ठेवणं सोपं आहे. मी ठेवणार नाही.

खाँसाहेबांनी मराठी नाट्यपदं गायली, त्यागराजांची कृतीही ध्वनिमुद्रित केली. ज्याची जी भाषा, त्यात ते शिरले. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, म्हणून मला त्याचं जास्त अप्रूप असेल.

पुढच्या आठवड्यात मी त्या मुलीच्या घरी गेले. अब्बा दोन तंबोरे घेऊन बसले होते. घोडी कानशीनं घासायची, तार छेडायची, ऐकायचं, सूत थोडं सरकवायचं, पुन्हा घासायचं. कागदावर याचं माप नाही. मुलगी दप्तर टाकून पलीकडे बसली होती.

“कुठली जवारी खुलली?” त्यांनी मला विचारलं. मला दोन्ही सारख्याच वाटल्या.

“डावीकडची नाही अब्बा,” ती वहीतून मान न उचलता म्हणाली. “पंचम अजून बंद आहे.”

त्यांनी पुन्हा तार छेडली, कान लावला आणि कानस उचलली. आतून अम्मीचा आवाज आला, “आधी गणितं कर गं!” पण बाहेर येऊन तिनंही क्षणभर ऐकलं.