एकच जोतं, पाच स्वभाव

चंदीगडमध्ये नोंदलेल्या वाहनांची संख्या शहराच्या लोकसंख्येला केव्हाच मागे टाकून गेली आहे. २०११च्या जनगणनेतही इथल्या साधारण दर चार घरांमागे एका घराकडे चारचाकी होती, आणि देशात हे प्रमाण सर्वांत वरच्या रांगेतलं होतं. रस्ते रुंद, सेक्टर ८०० बाय १२०० मीटरचे, चौकाचौकात मोठाली वर्तुळं. शहराचा आराखडा आखणाऱ्या ल कॉर्बुझिएनं रस्त्यांची व्ही-१ ते व्ही-७ अशी उतरंड लावून दिली, ती वाहतुकीचा वेग डोळ्यांसमोर ठेवूनच. शिवाय शिवालिकचे डोंगर दाराशी. आठवडाभर मध्य मार्गावरून ऑफिसला जाणारी गाडी शनिवारी सकाळी मागं दोन मुलं, आजी आणि डिक्कीभर सामान घेऊन सुमारे ६० किलोमीटरवरच्या कसौलीच्या वाटेला लागते. छोट्या गाडीच्या सस्पेन्शनची इतकी सर्वांगीण परीक्षा घेणारी शहरं आपल्याकडे थोडीच आहेत.

या शहराच्या पार्किंगमध्ये स्कोडाची कुशाक, स्लाव्हिया आणि कायलॅक, फोक्सवॅगनची टायगुन आणि व्हर्टस या पाच गाड्या नजरेला पडतात. दोन उंच, दोन सेडान आणि एक चार मीटरच्या आतली. चेहरे वेगळे, किमती वेगळ्या, घेणारा ग्राहकही वेगळा. पण पाचही पुणे जिल्ह्यातल्या चाकणला तयार होतात आणि पाचही एकाच प्लॅटफॉर्मवर उभ्या आहेत. त्याचं नाव एमक्यूबी-ए०-आयएन. शेवटची दोन अक्षरं भारतासाठी.

पिंपरीहून चाकणला

एका सांगाड्यातून अनेक गाड्या काढायची विद्या पुण्याच्या परिसराला नवी नाही. टाटांची इंडिका १९९८ साली पिंपरीतून बाहेर पडली. तिच्याच प्लॅटफॉर्मवर २००२मध्ये इंडिगो ही सेडान आली. लांबी वाढली, मागं डिक्की जोडली गेली, मागच्या चाकांवरचा भार बदलला; म्हणून इंजिनिअरांनी मागचं सस्पेन्शनही बदललं. इंडिकाला सेमी-ट्रेलिंग आर्म होते, इंडिगोला तीन लिंकांचे स्ट्रट दिले. पुढे छोट्या गाड्यांना करसवलत मिळाली आणि चार मीटर हा लक्ष्मणरेषेचा आकडा झाला. तेव्हा २००८ साली त्याच इंडिगोची डिक्की आखूड करून तिला रेषेच्या आत बसवलं गेलं. तळ तोच ठेवून वरचं शरीर आणि खालची चाल बाजारानुसार घडवायची, हा धडा तेव्हाच गिरवला गेला होता.

चाकणचा फोक्सवॅगन कारखाना ३१ मार्च २००९ला सुरू झाला. तिथून आधी स्कोडा फाबिया आणि मग पोलो बाहेर पडली. पोलोचा तळ आठ-दहा सेंटिमीटर ताणून व्हेंटो झाली, आणि व्हेंटोची सख्खी बहीण म्हणून २०११मध्ये स्कोडा रॅपिड आली. चाकणची व्हेंटो बोटीनं मेक्सिकोलाही गेली. पण त्या पिढीचं मूळ आरेखन युरोपचं होतं आणि भारतासाठीचे बदल नंतर झाले. २०१८मध्ये फोक्सवॅगन समूहानं १ अब्ज युरोंची योजना जाहीर केली तेव्हा हा क्रम उलटवायचं ठरलं. जानेवारी २०१९मध्ये पुण्यात तंत्रज्ञान केंद्र उघडलं, युरोपातला एमक्यूबी-ए० भारतासाठी नव्यानं बांधला गेला आणि सुट्या भागांपैकी ९५ टक्क्यांपर्यंत इथंच बनवण्याचं लक्ष्य ठेवलं गेलं. २०२१मध्ये कुशाक आणि टायगुन आल्या, २०२२मध्ये स्लाव्हिया आणि व्हर्टस, आणि नोव्हेंबर २०२४मध्ये कायलॅक, तेव्हा सुरुवातीची किंमत होती ७ लाख ८९ हजार.

काय जुळतं, काय नाही

प्लॅटफॉर्म हे घराच्या जोत्यासारखं असतं. जोतं एकदा पक्कं झालं की वर माडी चढवा नाहीतर पडवी काढा. भार कुठून खाली जाणार ते आधीच ठरलेलं असतं. एमक्यूबी घराण्यात सर्वांत कडक नियम आहे तो पुढच्या भागाचा. पुढच्या चाकांचा मध्य आणि पायाखालचे पेडल यांच्यातलं अंतर कायम राहतं. इंजिन आडवं बसतं, तेही एकाच कोनात, मागच्या बाजूला १२ अंश कललेलं. त्यामुळे इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग, एसी आणि धडकेत चुरगळणारा पुढचा पट्टा असा गाडीतला सर्वांत खर्चिक भाग एकदाच घडवावा लागतो. त्यामागचं मात्र हलवता येतं.

आकड्यांत हे स्वच्छ दिसतं. कुशाक, टायगुन, स्लाव्हिया आणि व्हर्टस या चौघींच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, २,६५१ मिलिमीटर. कायलॅकचा २,५६६. तिला ३,९९५ मिलिमीटर लांबीत बसवायचं होतं, म्हणून ८५ मिलिमीटर कमी केले. पुढचा भाग कायम असल्यामुळे ही काटछाट मागंच करणं भाग होतं. उंचीचा हिशेबही वेगळा: कुशाक जमिनीपासून १८८ मिलिमीटर वर, स्लाव्हिया १७९. नऊ मिलिमीटर म्हणजे करंगळीच्या रुंदीपेक्षा कमी. पण कुशाकचं शरीरही उंच, त्यामुळे तिचा गुरुत्वमध्य वर जातो, वळणावर कलण्याची ओढ वाढते आणि स्प्रिंगपासून शॉकअपपर्यंत सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

लिफ्टवर चढलेली गाडी

चंदीगडमधल्या मणीमाजऱ्याच्या मोटर मार्केटमध्ये यांतली एखादी गाडी लिफ्टवर चढली की खाली उभं राहून बघावं. पुढच्या चाकाशी एकच जाडजूड उभा दांडा दिसतो. त्याच्याभोवती गुंडाळलेली स्प्रिंग, पोटात शॉकअप (इथला मेकॅनिक त्याला ‘शॉकर’ म्हणतो), खाली लोअर आर्म. हा मॅकफर्सन स्ट्रट. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनिअरच्या या रचनेच्या गाड्या फोर्डनं १९४९-५०च्या सुमारास रस्त्यावर आणल्या. स्प्रिंग, शॉकअप आणि चाक वळवण्याचा आधार ही तीन कामं एकाच उभ्या खांबावर आली, आणि आडव्या इंजिनाला दोन्ही बाजूंना जागा मिळाली. आजची छोटी गाडी या मोकळ्या जागेवरच उभी आहे.

मागं गेलं की दोन चाकांना जोडणारा आडवा लोखंडी पट्टा दिसतो. तो बंद नळीसारखा नसून एका बाजूनं उघडा, उलट्या पन्हाळीसारखा असतो. हा ट्विस्ट बीम. १९७४च्या पहिल्या गोल्फपासून फोक्सवॅगननं ही रचना घरोघरी नेली. उघड्या बाजूमुळे पट्टा वाकायला कणखर राहतो, पण पिळला जायला तयार असतो. दोन्ही चाकं एकदम गतिरोधकावर चढली तर तो नुसता वर-खाली होतो. एकच चाक खड्ड्यात गेलं तर पिळतो, आणि त्या धक्क्याचा काही भाग दुसऱ्या चाकाकडे पोचवतो. वळणावर गाडी कलू लागली की हाच पीळ कलण्याला विरोध करतो; वेगळ्या अँटी-रोल बारचं बरंचसं काम एकाच तुकड्यात होऊन जातं.

पट्ट्याची दोन टोकं जिथं गाडीच्या तळाला बसतात तिथं रबराचे मोठे बुश असतात. बऱ्याच गाड्यांत ते सरळ न बसवता थोडे तिरके बसवलेले असतात. कारण वळणावर मागच्या चाकावर बाजूनं जोर आला की अख्खा पट्टा किंचित फिरू पाहतो, आणि गाडीचं शेपूट बाहेर पडल्यासारखं वाटतं. तिरका बुश त्या जोराची दिशा वळवून चाकाला सरळ ठेवतो. बुश झिजले की मागून ठकठक ऐकू येते आणि वेगात गाडी मागून सैल वाटते. मेकॅनिक पहार घालून बुश हलवून बघतो, तेव्हा ही झीजच तपासत असतो.

पाच गाड्यांची चाल बदलण्याच्या जागा इथंच आहेत: पट्ट्याच्या पत्र्याची जाडी, स्प्रिंगचा कडकपणा, शॉकअपमधल्या तेलाच्या झडपा, बुशचं रबर आणि टायर. सांगाडा सारखा, पण या जागी सोडलेलं अंतर इंजिनिअरला हवं तसं भरता येतं.

तीन रस्ते, तीन मागण्या

चंदीगडच्या वर्तुळात शिरताना गाडी आधी डावीकडे वळते, म्हणजे उजवीकडे कलते. बेटाला वळसा घालताना डावीकडे कलते आणि बाहेर पडताना पुन्हा उजवीकडे. काही सेकंदांत तीन वेळा भार या अंगावरून त्या अंगावर जातो. गाडी किती कलेल ते स्प्रिंग आणि पट्टा ठरवतात. किती झटक्यानं कलेल ते शॉकअप ठरवतो. उंच गाडीत हा ताबा नेटका नसेल तर मागं बसलेल्या माणसाची मान डोलत राहते.

सेक्टरच्या आतल्या गल्ल्यांची मागणी नेमकी उलटी. तिथं ठरावीक अंतरावर गतिरोधक, पावसाळ्यानंतर उखडलेल्या कडा. इथं स्प्रिंग मऊ हवी. साध्या गाडीची स्प्रिंग सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा हेलकावे घेईल अशी ठेवतात, कारण माणूस चालतानाही साधारण याच गतीनं वर-खाली होतो आणि शरीराला ती सवयीची असते. त्याहून कडक झाली की दणके, मऊ झाली की होडी.

तिसरी मागणी कसौलीच्या वाटेवर, झिरकपूरहून परवाणूकडे चढताना येते. बाराशे किलोच्या आसपासच्या गाडीत पाच माणसं आणि सामान मिळून चारशे किलो सहज होतात, आणि त्यातलं बहुतेक ओझं मागच्या चाकांवर. मोठ्या गाडीच्या वजनात एवढा भार मिसळून जातो. छोट्या गाडीत तो सगळं बदलतो. पाठ खाली बसते, दिवे वर पाहू लागतात, स्टिअरिंग हलकं पडतं. एकट्या चालकाला आरामदायी वाटणारी स्प्रिंग भरल्या घराला पुरत नाही, आणि भरल्या घरासाठी कडक केली तर एकटा माणूस उडतो. छोट्या गाडीच्या सस्पेन्शनमधला सर्वांत अवघड प्रश्न हाच. त्याला सोपं उत्तर नाही. नीट तोललेली तडजोड मात्र असते.

वाटून घेण्याचा लाभ आणि धोका

एकच प्लॅटफॉर्म पाच गाड्यांना वाटला की पहिला लाभ सुरक्षेला होतो. मजबूत पिंजरा घडवायला पैसा लागतो, आणि तो पाच जणींत वाटला तर परवडतो. ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत कुशाक आणि टायगुनला ऑक्टोबर २०२२मध्ये पाच तारे मिळाले, स्लाव्हिया आणि व्हर्टसला एप्रिल २०२३मध्ये. कायलॅकनं जानेवारी २०२५मध्ये भारत एनकॅपचे पाच तारे मिळवले. दुसरा लाभ सुट्या भागांचा: सामाईक भाग जितके जास्त, तितकी गॅरेजवाल्याची ओढाताण कमी.

धोकाही त्याच वाटेनं येतो. सामाईक भागात खोट निघाली तर ती एका गाडीपुरती राहत नाही. आणि खर्च वाचवण्याच्या नादात स्प्रिंग-शॉकअपही तसेच उचलून बसवले, तर वेगळ्या वजनाच्या, वेगळ्या उंचीच्या गाडीला दुसरीची चाल चिकटते. ट्विस्ट बीमवर टीका होते ती बहुधा यामुळेच. गोल्फच्या कमी ताकदीच्या इंजिनांना ट्विस्ट बीम आणि जास्त ताकदीच्यांना महागडं मल्टी-लिंक, अशी वाटणी फोक्सवॅगननं युरोपातही केलेली आहे. नेमकेपणानं जुळवलेला साधा पट्टा आळसानं बसवलेल्या मल्टी-लिंकपेक्षा सरस ठरतो.

माझं गाऱ्हाणं माहितीपत्रकाबद्दल आहे. त्यात पडद्याचे इंच असतात, हॉर्सपॉवर असते, सनरूफचा फोटो असतो. सस्पेन्शनच्या रकान्यात मात्र पाचही गाड्यांना जवळजवळ एकच ओळ: पुढे मॅकफर्सन स्ट्रट, मागे ट्विस्ट बीम. इंजिनिअरांनी महिनोन्‌महिने खड्ड्यांवरून गाड्या नेऊन जे घडवलं, त्याचा तिथं मागमूसही नसतो. कंपन्यांनी स्प्रिंगचा कडकपणा आणि पूर्ण भारावर जमिनीपासून उरणारी उंची छापायला हवी. रिकाम्या गाडीचा आकडा कसौलीच्या चढावर उपयोगाचा नाही. तोवर ग्राहकानं आपल्या हातातलं करावं. टेस्ट ड्राइव्हला एकट्यानं जाऊ नये. घरातली माणसं मागं बसवावीत, एक वर्तुळ, एक गतिरोधक आणि एक उखडलेली कड यांवरून गाडी न्यावी, आणि निर्णय मागच्या सीटला विचारून घ्यावा.