कागदालाही बांध असावा



दोन वावरांच्या मध्ये बांध असतो, म्हणून शेजाऱ्याचा नांगर आपल्या रानात शिरत नाही. कागदाचेही तसेच आहे. सोसायटीचा अर्ज, ऊसनोंदीचा नमुना, सामाईक विहिरीचा करारनामा, हे सगळे आता संगणकावर टंकलिखित होते आणि मोबाईलवरून या हातातून त्या हातात जाते. नाव-गाव भरता भरता कुणाचे बोट अटीवर पडले आणि 'नाही' एवढा एक शब्द उडाला, तर अर्थ पार उलटा होतो. सही करणाऱ्याला मात्र पत्ताही लागत नाही.

यावरचा बंदोबस्त आपल्याला नवा नाही. पिंगळीच्या कोणत्याही खातेदाराने आपला सातबारा काढून पाहावा. गाव नमुना सात हा हक्काचा, गाव नमुना बारा हा पिकाचा. उतारा एकच, पण दोहोंची रीत निराळी. सातवर नुसत्या सांगण्याने नाव चढत नाही. खरेदी असो की वारसा, आधी गाव नमुना सहामध्ये फेरफार धरला जातो, संबंधितांना नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात, फेरफार प्रमाणित होतो आणि मगच सात बदलतो. साधा लेखनप्रमाद असला तरी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ खाली अर्ज करावा लागतो. बारा मात्र हंगामागणिक नव्याने भरला जातो. १५ ऑगस्ट २०२१ रोजी राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली, तेव्हापासून शेतकरी आपले पीक स्वतः मोबाईलवरून नोंदवू लागला. म्हणजे एक भाग कुलपात, दुसरा उघडा, आणि मध्ये बांध!

संगणकावरील 'वर्ड'मध्ये हेच करता येते. तिथे बांधाला 'सेक्शन ब्रेक' म्हणतात. रीत अशी:

१. अटी संपतात आणि भरायच्या जागा सुरू होतात तिथे कर्सर ठेवावा. 'लेआऊट'मधील 'ब्रेक्स'मध्ये जाऊन 'कंटिन्युअस' निवडावे. 'पेज ब्रेक' घेऊ नये. त्याने पान बदलते, विभाग पडत नाही.

२. 'रिव्ह्यू'मधील 'रिस्ट्रिक्ट एडिटिंग' उघडून 'फिलिंग इन फॉर्म्स' निवडावे.

३. खालीच 'सिलेक्ट सेक्शन्स' दिसेल. जो भाग उघडा ठेवायचा त्याची खूण काढावी. हे शब्द दिसलेच नाहीत, तर बांध पडलेला नाही असे समजावे.

४. संरक्षण सुरू करून परवलीचा शब्द द्यावा आणि तो वहीत लिहून ठेवावा.

हे काम मोबाईलवर नव्हे, संगणकावरच करावे. कुलूप लावण्याआधी तो सेक्शन ब्रेक चुकून पुसला गेला, तर दोन्ही भाग एक होतात. बांध कोरला की दोन रानं एक व्हावीत, तसेच हे!

मात्र एक गोष्ट आम्ही स्पष्ट सांगतो. हे कुलूप चुकीच्या बोटासाठी आहे, चोरासाठी नाही. ज्याला लबाडीच करायची आहे तो मजकूर उचलून दुसरी फाईल बनवील. म्हणून मूळ कागदाची सही-शिक्क्याची एक प्रत आपल्या घरी असलीच पाहिजे, आणि सही करण्यापूर्वी अटी त्या प्रतीशी ताडून पाहिल्याच पाहिजेत.

घरातील शिकत्या मुला-मुलींना हा लेख जरूर वाचायला द्यावा, आणि पुढचा अर्ज त्यांच्याकडून असाच बांध घालून तयार करून घ्यावा, ही विनंती.