महासंगणनातील उमेदवारी

महासंगणकाविषयीचे मराठी लेखन बहुतांशी यंत्रापाशी सुरू होते आणि यंत्रापाशीच संपते. यंत्र सेकंदाला किती गणिते करते, जगातील पहिल्या पाचशे यंत्रांच्या यादीत ते कितवे आले, त्याचे लोकार्पण कोणाच्या हस्ते झाले, यांवर रकानेच्या रकाने खर्ची पडतात. त्या यंत्राकडून काम करवून घेणारा संशोधक कोठे शिकला, कोणाच्या हाताखाली शिकला, याची नोंद मात्र क्वचितच होते. वास्तविक यंत्र काही वर्षांत जुने होऊन निर्लेखित होते आणि ते चालविण्याची विद्या, एकाने दुसऱ्याला दिली तर, यंत्रामागून यंत्रे गेली तरी टिकते. प्रस्तुत आढावा त्या विद्येच्या शाळांचा आहे.

महासंगणन शिकणे या एका नावाखाली तीन निराळ्या गोष्टी खपविल्या जातात आणि त्यामुळे बराच घोटाळा होतो. पहिली गोष्ट यंत्र वापरण्याची : लॉगिन नोडवरून, म्हणजे यंत्राच्या ओसरीवरून, आत काम पाठवायचे आणि स्लर्मसारख्या रांग सांभाळणाऱ्या प्रणालीला किती कोअर, म्हणजे प्रोसेसरमधील गणन-घटक, किती मेमरी व किती तास हवेत हे सांगायचे. दुसरी गोष्ट एकच काम अनेकांत वाटून देणारा, म्हणजे समांतर, प्रोग्रॅम लिहिण्याची. त्यासाठी स्वतंत्र मेमरी असलेल्या नोडनी, म्हणजे यंत्रात एकत्र जोडलेल्या संगणकांनी, परस्परांना संदेश पाठविण्याची एमपीआय ही प्रमाण पद्धत, एकाच मेमरीवर अनेक धागे चालविणारी ओपनएमपी आणि ग्राफिक प्रोसेसरसाठी, म्हणजे जीपीयूसाठी, कूडा ही साधने शिकवली जातात. तिसरी गोष्ट मोजमापाची : लिहिलेला प्रोग्रॅम अडतो कोठे, वेळ गणितात जातो, मेमरीतून आकडे आणण्यात जातो की शेजारच्या नोडची वाट पाहण्यात जातो, हे प्रोफायलर लावून शोधायचे आणि मग मुळातली मांडणी बदलायची. पहिली गोष्ट दोन दिवसांत येते, दुसरी तोंडओळखीपुरती दोन आठवड्यांत येते. तिसरी उमेदवारीशिवाय येत नाही. उमेदवारी हा शब्द येथे निवडणुकीच्या अर्थाने नव्हे, तर जाणत्याच्या हाताखाली राबत शिकण्याच्या जुन्या अर्थाने घ्यावयाचा आहे.

भारतात ही उमेदवारी प्रथम नाइलाजाने घडली. अमेरिकेकडून हवे ते क्रे यंत्र मिळण्यात अडथळे आल्यानंतर १९८८ साली पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन झाले, डॉ. विजय भटकर त्याचे पहिले संचालक झाले आणि १९९१ साली परम ८००० उभा राहिला. त्याच सुमारास बंगळुरूच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेत फ्लोसॉल्व्हर आणि भाभा अणुसंशोधन केंद्रात अनुपम ही यंत्रे आकाराला येत होती. परमच्या पोटात ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्यूटर होते. ट्रान्सप्यूटर ही शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी चारच दुवे असलेली चिप, आणि त्या चार दुव्यांतच त्या काळातील सगळे शिक्षण दडलेले होते. कारण कोणाचा शेजारी कोण, जाळीची रचना करावयाची की कड्याची की झाडाची, हे डोक्यात ठेवल्यावाचून प्रोग्रॅम धड चालत नसे. ट्रान्सप्यूटरसाठी घडविलेल्या ऑकॅम या भाषेत तर बोलणारा आणि ऐकणारा दोघेही तयार झाल्याखेरीज आकडा पुढे सरकतच नसे. दोन प्रक्रिया ‘आधी तुम्ही’ म्हणत एकमेकींसमोर ताटकळत राहिल्या की सगळे यंत्र मुकाट होई. ज्या पिढीने ही कोंडी कागदावर रेघा मारून सोडविली, तिला पुढे एमपीआय शिकविण्याची गरजच पडली नाही, तिला फक्त नवी नावे कळावयाची राहिली होती. यंत्र बांधणारे आणि वापरणारे एकाच इमारतीत बसत, एकाच टपरीवर चहा घेत, आणि प्रोग्रॅम मंद चालतो ही तक्रार दुपारी केली तर संध्याकाळपर्यंत तिचे कारण कळण्याचा संभव असे. पुण्याच्या गणेशखिंडीत, सी-डॅकच्या आवारात गेलेल्या त्या वर्षांइतके चांगले प्रशिक्षण त्यानंतर या देशात झाले नाही, असे विधान धाडसाचे वाटले तरी चुकीचे ठरणार नाही.

सी-डॅकने १९९३ साली प्रगत संगणनाची प्रशिक्षणशाळा काढली आणि तिच्यातून हजारो तरुण बाहेर पडले. परंतु त्यांतील बहुसंख्य सॉफ्टवेअर उद्योगात गेले, संशोधनाकडे वळले थोडे. हा दोष शाळेचा नव्हे, बाजाराचा. त्यानंतरची कथा अनेकदा सांगून झाली आहे : १९९८चा परम १००००, २००३ साली जगाच्या यादीत १७१वा आलेला परम पद्म, २००७च्या नोव्हेंबरात टाटांच्या पुण्यातील प्रयोगशाळेतून थेट चौथ्या क्रमांकावर गेलेले ‘एक’ नावाचे यंत्र, २००८चा परम युवा. यादीतील क्रमांकांनी वर्तमानपत्रे सजली. शिक्षणाच्या अंगाने या दशकाविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही.

लिहिण्यासारखे जे घडले ते यादीबाहेर घडले. १९९४ साली नासाच्या गोडार्ड केंद्रात टॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी बाजारात मिळणारे सोळा साधे ४८६ प्रोसेसर इथरनेटच्या तारांनी जोडले, त्यावर लिनक्स चढविले आणि त्या जुळणीला बेओवुल्फ हे नाव दिले. त्याच वर्षी एमपीआयची पहिली प्रमाण आवृत्ती प्रसिद्ध झाली, त्यामुळे तोवर यंत्रागणिक बदलणारी संदेशांची भाषा एक झाली आणि चार पीसींवर लिहिलेला प्रोग्रॅम मोठ्या यंत्रावरही चालू लागला. या दोन घटनांचा शिक्षणावर झालेला परिणाम कोणत्याही एका महासंगणकापेक्षा मोठा आहे. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत चार जुने संगणक एका स्विचला जोडणारा विद्यार्थी आठवडाभरात जे शिकतो, ते वातानुकूलित सभागृहातील स्लाइडांतून शिकविता येत नाही. चारही यंत्रांवर सॉफ्टवेअर लायब्रऱ्यांच्या आवृत्त्या सारख्या नसतील तर प्रोग्रॅम का कोसळतो, सर्वांना एकच फाइलप्रणाली कशी दाखवावयाची, एक नोड मंद असेल तर उरलेले तीन त्याच्यासाठी कसे खोळंबतात, हे त्याला हाताने कळते. सर्वांत मोलाचा धडा असतो तो निराशेचा : तिसरे यंत्र जोडल्यावर वेग वाढतो आणि चौथे जोडल्यावर कमी होतो. याचे कारण शोधताना संदेश निघण्यास लागणारा विलंब आणि एकदा निघाल्यावर वाहून नेला जाणारा मजकूर यांतील भेद त्याला उमगतो. मोठ्या केंद्रांतील इन्फिनिबँडच्या जाळ्यात हा विलंब एखाद-दोन मायक्रोसेकंदांवर आलेला असतो, त्यामुळे तेथे शिकणाऱ्याला हा दोष बराच काळ दिसतच नाही, आणि दिसतो तेव्हा त्याने हजारो कोअर-तास जाळलेले असतात.

अशा क्लस्टरांना ‘खेळणी’ म्हणणारे विद्वान तेव्हाही होते आणि समित्यांवर आजही आहेत. त्यांच्यासाठी नारायणगावजवळील खोडदचे उदाहरण पुरेसे आहे. तेथील जीएमआरटी दुर्बिणीच्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांचे संकेत जोडीजोडीने, म्हणजे ४३५ जोड्यांत, गुणून त्याच क्षणी एकत्र करावे लागतात. हे काम पूर्वी खास घडविलेल्या इलेक्ट्रॉनिक मंडलांकडे होते. २०१०च्या सुमारास ते बाजारात मिळणाऱ्या संगणकांच्या लिनक्स क्लस्टरवर, खगोलशास्त्रज्ञांनी आणि अभियंत्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरने होऊ लागले. खेळण्याने आकाशातले रेडिओसंकेत झेलले, एवढे म्हटले तरी पुरे.

परदेशांतील व्यवस्था पाहिल्या तर टिकलेल्या शाळांचा स्वभाव एकच दिसतो. १९९० साली स्थापन झालेल्या एडिंबरोच्या ईपीसीसी केंद्राने २००१पासून महासंगणनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालविला. श्टुटगार्टच्या केंद्रात रोल्फ राबेनझाइफ्नर यांनी एमपीआयचे वर्ग वर्षानुवर्षे घेतले. युरोपातील देशांच्या प्रेस या संघटनेने २०१२पासून सहा प्रशिक्षणकेंद्रे चालविली आणि २०१३पासून उन्हाळी उमेदवारीची योजना सुरू केली. अमेरिकेत आर्गॉन प्रयोगशाळेची दोन आठवड्यांची निवासी शाळा २०१३ची. भारतीयांना सर्वांत जवळचे वाटावे असे केंद्र मात्र इटलीतील त्रिएस्तेचे. अब्दुस सलाम यांनी १९६४ साली विकसनशील देशांतील शास्त्रज्ञांसाठी स्थापलेल्या आयसीटीपी या संस्थेने शेजारच्या सिस्सा या संस्थेसह २०१४ साली महासंगणनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम काढला. यांहून अनुकरणीय आहेत त्या २०१४ साली ओक रिज प्रयोगशाळेतून सुरू झालेल्या जीपीयू हॅकेथॉन. हॅकेथॉनमध्ये संशोधकांचा गट स्वतःचाच प्रोग्रॅम घेऊन येतो, जाणते मार्गदर्शक त्याच्याशेजारी बसतात आणि परतताना गटाच्या हाती प्रमाणपत्राऐवजी वेगाने चालणारा प्रोग्रॅम असतो. जुन्या उमेदवारीचेच हे आटोपशीर रूप आहे आणि ते आता भारतातही होऊ लागले आहे.

२०१५ साली ४५०० कोटी रुपयांचे राष्ट्रीय महासंगणन अभियान मंजूर झाले आणि यंत्रांचा दुष्काळ हटला. २०१९ साली वाराणसीत परम शिवाय, त्यानंतर पुण्याच्या आयसरमध्ये परम ब्रह्म, २०२४ साली जीएमआरटीसह तीन ठिकाणी परम रुद्र अशी मालिका सुरू झाली. २०२५च्या आरंभी अभियानातील ३४ यंत्रांची एकत्रित क्षमता ३५ पेटाफ्लॉप्स होती, म्हणजे सेकंदाला पस्तीस हजार अब्ज गणितांच्या हजारपट. प्रशिक्षणासाठी खरगपूर, मद्रास, पालक्काड आणि गोवा येथील आयआयटींत नोडल केंद्रे निघाली आणि तेथे परम विद्या ही शिकण्यासाठीच राखलेली यंत्रे बसली. टेबलाजवळ मावणाऱ्या, वेगळे डेटा सेंटर न लागणाऱ्या परम शावकाने महासंगणन लहान महाविद्यालयांपर्यंत नेण्याची सोय केली. शावक म्हणजे छावा, आणि सरकारी नावांत इतके नेमके नाव विरळा. गोव्याच्या फर्मागुडीत समांतर प्रोग्रॅम शिकता येतो, ही गोष्ट सिंधुदुर्ग-कोल्हापूरच्या संशोधकांनी अद्याप पुरती ध्यानात घेतलेली नाही.

अभियानातून वीस हजारांहून अधिक लोक प्रशिक्षित झाले, असे सरकारी निवेदने सांगतात. आकडा खोटा मानण्याचे कारण नाही; प्रश्न ‘प्रशिक्षित’ या शब्दाचा आहे. तीन दिवसांच्या ऑनलाइन वर्गात हजेरी लावलेला आणि सहा महिने स्वतःचा कोड घासलेला, दोघेही त्या आकड्यात एकेकच मोजले जातात. आता तर महासंगणन आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांची जोडनावाने शिबिरे होतात आणि त्यांत पहिले नाव पत्रिकेपुरते उरते. तयार पॅकेजे असताना संशोधकाने समांतर प्रोग्रॅम शिकण्याची गरज काय, असा युक्तिवादही प्रतिष्ठित झाला आहे. त्याला जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ सालीच उत्तर देऊन ठेवले आहे : कामाचा केवळ पाच टक्के भाग वाटून देता येण्यासारखा नसेल, तर ६४ कोअर लावूनही वेग सुमारे पंधरापटच वाढतो आणि कोअर कितीही ओतले तरी वीसपटीची मर्यादा ओलांडत नाही. तो पाच टक्के भाग कोणता, हे पॅकेज आपण होऊन सांगत नाही. ते पाहण्याची नजर लागते.

ती नजर हरवल्याच्या खुणा कोणत्याही क्लस्टरच्या रांगेत दिसतात. जॉबची स्क्रिप्ट वडिलोपार्जित पितळी भांड्यासारखी सीनिअरकडून ज्युनिअरकडे येते, तिच्यात अठ्ठेचाळीस कोअर मागितलेले असतात, आत चालणारा प्रोग्रॅम एकच कोअर वापरतो, आणि उरलेले सत्तेचाळीस कोअर वीज खात स्वस्थ बसलेले असताना बाहेर दुसऱ्याचे काम खोळंबते. हे पाहून टोकणारा यंत्रव्यवस्थापक बहुधा कंत्राटी असतो आणि चांगले वेतन मिळताच निघून जातो. ब्रिटनमध्ये २०१२पासून अशा माणसांना संशोधन-सॉफ्टवेअर अभियंता असे नाव मिळाले, पाठोपाठ पदे आणि बढतीही मिळू लागली. येथील विद्यापीठांच्या आकृतिबंधात त्यांना अद्याप रकानाच नाही. उमेदवारी करावयाची तर हाताखाली घेणारा कोणी असावा लागतो, ही साधी गोष्ट अभियानांच्या अंदाजपत्रकांत शिरत नाही.

पीएच.डी.ला कोर्सवर्क सक्तीचे आहेच; त्यातील काही श्रेयांक स्वतःच्या प्रोग्रॅमवरील सहा महिन्यांच्या देखरेखीखालील कामाला देण्यास कोणत्याही नव्या यंत्राची किंवा निविदेची गरज नाही. आणि महाविद्यालयांच्या विभागप्रमुखांना एवढीच विनंती आहे की, यंदा मार्चअखेर डेडस्टॉक रजिस्टर उघडून जुने संगणक निर्लेखित करताना त्यांतील चालू स्थितीतले चार आणि एक स्विच बाजूला काढून विद्यार्थ्यांच्या हाती द्यावेत.